निचरा

माझे सासरे, अण्णा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्याच संध्याकाळी वैद्यकीय व्यवसायात शिरले. निरोपसमारंभाच्या हारातला एक झेंडू चुरगाळून त्यांनी शिपायाच्या कापलेल्या बोटावर चोळला आणि म्हणाले, "उद्या सकाळी बघ." दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात जायचंच नसल्यामुळे गुण आला की नाही हे त्यांना कधी कळलं नाही. पण आलाच असणार, असं ते धरून चालतात. पुढची सगळी प्रॅक्टिस याच धोरणावर उभी आहे. औषध द्यायचं आणि पेशंटला परत भेटायचं नाही. पेशंटच रस्ता बदलून जातो, त्यामुळे तेही सोपं पडतं.

अण्णांचं वैद्यकशास्त्र एका शब्दात मावतं: निचरा. शरीर म्हणजे कालवा. "कालव्याला काय रोग होतो? गाळ साचतो, पाणी तुंबतं, शेवाळ धरतं. बस्स. माणसाचं दुसरं काय असतं?" सर्दी म्हणजे वरचा निचरा बिघडला, पोट साफ नाही म्हणजे खालचा, आणि माणूस उगाच उदास असला तर मधला. सगळ्याचं कारण मात्र एकच, पंखा. रात्रभर डोक्यावर पंखा ठेवल्याने काय काय होतं याची त्यांच्याकडे गुडघेदुखीपासून घटस्फोटापर्यंत उदाहरणांसकट यादी आहे. अमेरिकेत आमच्याकडे आल्यावर पंख्याच्या जागी एसी आला, शास्त्र तेच राहिलं.

औषधं बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असतात. वर होमिओपॅथीच्या बाटल्या, त्याखाली सितोपलादी, हिंगाष्टक, सुंठ, त्रिफळा. एका कोपऱ्यात सहाणेसकट बाळगुटीचा संच. आणि अगदी तळाशी, रबरबँड लावून ठेवलेल्या, अर्ध्या वापरलेल्या अँटिबायोटिकच्या पट्ट्या. दोन गोळ्यांत बरं वाटलं की उरलेल्या पुढच्या वेळेसाठी ठेवायच्या, हा त्यांचा काटकसरीचा नियम. विमानतळावर कस्टमच्या माणसाने डबा उघडून दरडावून विचारलं, हे काय आहे? अण्णांनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "यू हॅव ॲसिडिटी?" तो हो म्हणाला. डबा सुटला.

पण ऑस्टिनला आल्यावर त्यांची उपासमार सुरू झाली. पुण्यात त्यांची ओपीडी जिन्यात चालायची. दूधवाला, पेपरवाला, वॉचमन, वरच्या मजल्यावरच्या काकू, जो कुणी खोकेल तो पेशंट. आमच्या वस्तीत सकाळी गॅरेजची दारं वर जातात, गाड्या निघतात, दारं खाली येतात. खोकणारा माणूस काचेच्या आत असतो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एकाने पाठ दुखते म्हटलं म्हणून अण्णा सरसावले, तर तो फिजिओथेरपिस्ट निघाला. आठवडाभरात अण्णांची रया गेली. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "यांना कुणीतरी आजारी माणूस दाखवा हो."

माणूस नव्हता. पण घरात दोन जीव असे होते, की ज्यांना विमा नव्हता आणि पळून जायला वाटही नव्हती.

माझ्या मुलीने, म्हणजे त्यांच्या नातीने, कुत्रा हवा म्हणून वर्षभर हट्ट केला आणि शेवटी तडजोड म्हणून शुगर ग्लायडरची जोडी आणली. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: हा तळहातावर बसणारा राखाडी प्राणी, पाठीवर काळा पट्टा, डोळे चेहऱ्याच्या मानाने फार मोठे, आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा. तो पसरून झाडावरून झाडावर तरंगत जातो. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. खारीसारखा दिसला तरी खारीचा कुणी नाही. कांगारूच्या गोतावळ्यातला, मादीच्या पोटाला पिशवी असलेला. टेक्सासमध्ये पाळता येतो, कॅलिफोर्नियात बंदी आहे, हे कळल्यापासून अण्णा दारावरची बेल वाजली की पिंजऱ्यावर पंचा टाकायचे. लोक याला ऑस्ट्रेलियन म्हणतात; पण २०१९ साली अमेरिकेतल्या पाळीव ग्लायडरांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात त्यांचं मूळ इंडोनेशियाच्या पश्चिम पापुआत, सोरोंगच्या बाजूला निघालं. "म्हणजे हेही आपल्यासारखेच," अण्णा म्हणाले. "कामाला इथे, गाव भलतीकडेच."

मादीचं नाव ठकी, नराचं बंड्या.

पहिलं निदान बंड्याचं झालं. अण्णांनी त्याला उताणा धरून चष्मा वर केला आणि गंभीर झाले. पोटाच्या मधोमध, बेंबीच्या जागी म्हणावी अशी, एक लोंबती गोल गाठ. "किती दिवसांची आहे?" कुणालाच सांगता येईना. अण्णांनी डबा उघडला, थुजाची बाटली काढली, पथ्य सांगितलं. रात्री जेवताना नातीने ती गाठ म्हणजे काय ते सगळ्यांसमोर शुद्ध इंग्रजीत सांगून टाकलं. शुगर ग्लायडरच्या नरात अंडकोश पोटाच्या मधोमध देठाला लटकतो, आणि लिंग त्याच्या मागे, शेपटीकडे असतं, आणि तेही टोकाला दुभंगलेलं. माई उठून ताक आणायला गेल्या. अण्णांनी कोशिंबिरीकडे बघत विचार केला आणि म्हणाले, "मग थुजाने ती बसणार नाही." एवढ्यावर ते प्रकरण मिटलं. औषध चुकलं असं ते म्हणाले नाहीत.

थुजाच्या त्या साबुदाण्यासारख्या गोड गोळ्यांनी एक गोष्ट मात्र झाली. बंड्याने त्या चाखल्या आणि तो दुसऱ्या रात्रीपासून अण्णांची वाट बघू लागला. या प्राण्याच्या नावात साखर आहे ती उगाच नाही. रानात तो झाडांचा गोड चीक, फुलांतला रस असलं पुष्कळ खातो. आयुष्यभर लोक अण्णांच्या गोळ्या रुमालात लपवत आले. पुन्हा मागणारा पेशंट त्यांना पहिल्यांदाच भेटला. पिंजऱ्याच्या जाळीला चिकटून, दोन्ही हात बाहेर काढून मागणारा. अण्णांचे डोळे भरून आले. वर बंड्याने त्यांच्या अंगठ्यावर आपली टाळू घासली. नराच्या टाळूवर एक टक्कल असतं, ती त्याची गंधग्रंथी. आपल्या कळपातल्यांना तो ती घासून वास लावून ठेवतो. अण्णांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हा माणूस ओळखतो."

आता मुख्य केस.

ठकीला दिवस गेलेले कुणाला कळलंच नाही. कळायची सोयही नाही. गर्भ पोटात सोळा दिवसांच्या आसपास राहतो, आणि जन्माला येतं ते पिलू वजनाने असतं ०.२ ग्रॅम. ते आंधळं, कातडीचं, स्वतःच्या बळावर आईच्या पोटावरून सरपटत पिशवीत शिरतं आणि एका स्तनाग्राला तोंड लावून पुढचे सत्तरएक दिवस तिथेच वाढतं. आपल्याला दिसतात ते पिशवीवरचे फुगवटे. ठकीच्या पोटावर दोन दिसले तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. माईंनी बाळंतिणीचं सगळं मनातल्या मनात मांडलं. अण्णांनी बाळगुटीचा डबा काढला आणि कागद-पेन घेऊन बसले. माणसाचं मूल तीन किलोचं, हे ०.२ ग्रॅमचं. भागाकार पंधरा हजार आला. वेखंडाचा एक वेढा, भागिले पंधरा हजार. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समाधानाने म्हणाले, "हे होमिओपॅथीलाच जमेल."

पुढच्या काही दिवसांत ठकी पिशवी सारखी चाटू लागली. खाणं कमी झालं. पिशवीच्या तोंडाशी तपकिरी ओल दिसली, आणि वास आला. एक फुगवटा सकाळी होता, तो संध्याकाळी नव्हता. पिलू मेलं की आई ते खाऊन टाकते. नातीने हे वाचलं होतं, तिने कुणाला सांगितलं नाही, खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

अण्णांनी बाहेरून ओरडून विचारलं, "एसी किती वर आहे?"

मग त्यांनी धुरी द्यायचं ठरवलं. बाळंतिणीला ओवा-शेपाची धुरी द्यायची, हे आपल्याकडे आजीच्या आजीपासून चालत आलेलं. माईंनी पुण्याहून आणलेला ओवा होता, शेपा होत्या, निखाऱ्यांच्या जागी मागच्या अंगणातल्या बार्बेक्यूचे कोळसे. पिंजऱ्याखाली लोखंडी तवा ठेवून अण्णांनी चिमूट टाकली मात्र, आणि छतावरचा धुराचा भोंगा बोंबलू लागला. एक बोंबलला की घरातले सगळे बोंबलतात, अशी त्यांची जोडणी असते. त्यात ठकी आणि बंड्या घाबरून करकरायला लागले. एवढ्या बोटभर प्राण्याच्या गळ्यातून तो आवाज निघतो यावर ऐकल्याशिवाय विश्वास बसत नाही. मी खुर्चीवर चढून झाडूच्या दांड्याने भोंगे बंद करतोय, बायको खिडक्या उघडतेय, आणि अण्णा खाली धुरात उभे राहून वर बघत म्हणताहेत, "जावईबापू, हे बंद करून ठेवा कायमचं. यामुळे धुरीचा गुण येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही व्हेटकडे. इथे कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर वेगळा आणि असल्या जनावरांचा वेगळा. त्यांना एग्झॉटिक व्हेट म्हणतात. डॉक्टरीणबाई तरुण, बूट घातलेल्या, टेक्सासच्या बोलीत लांबवून बोलणाऱ्या. अण्णांनी आत शिरताच स्वतःची ओळख "आय ऑल्सो प्रॅक्टिस" अशी करून दिली. बाईंनी आदराने विचारलं, कशात? "जनरल," अण्णा म्हणाले.

ठकीला नाकावर छोटा मास्क लावून आयसोफ्लुरेनची भूल दिली. भुलीशिवाय या प्राण्याची पिशवी नीट तपासता येत नाही, तो हातात उलटापालटा होतो. बाईंनी पिशवीचं तोंड अलगद फाकवलं, आत बघितलं. उरलेलं पिलू स्तनाग्राला धरून होतं. ते ओढायचं नाही, ओढलं तर तोंडाला इजा होते. मग अगदी बारीक बोळा आत फिरवून एक थेंब काचेवर घेतला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दुसरा बोळा लॅबला, जिवाणू वाढवून बघायला. काचेवर दांडीच्या आकाराचे जिवाणू भरपूर होते. पिशवीला जिवाणूंचा संसर्ग झाला होता आणि तो वरच्या मार्गात, गर्भाशयांपर्यंत गेलाय का ते बघायचं होतं.

"गर्भाशयांपर्यंत?" अण्णांनी अनेकवचन पकडलं.

इथून पुढे जे झालं ते मी माझ्या आयुष्यात अण्णांच्या बाबतीत पाहिलेलं नव्हतं. अण्णा ऐकत बसले. बाईंनी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर आकृती काढली. पिशवीवाल्या प्राण्यांत मादीला गर्भाशय दोन. लिनियसने अमेरिकन ओपोसमला १७५८ साली नाव दिलं डायडेल्फिस, म्हणजे दोन गर्भाशयवाली. दोन गर्भाशयांपासून दोन बाजूंनी दोन योनिमार्ग खाली येतात, ते नराच्या बीजासाठी. बहुतेकांत पिलू मात्र त्या दोन्हींतून न येता मधली, एरवी बंद असलेली तिसरी वाट उघडून बाहेर येतं.

अण्णा खुर्चीवरून उठले. चष्मा पुसला. फळ्याजवळ गेले. दोन जलाशय, दोन बाजूचे कालवे, मध्ये बंद ठेवलेला आपत्कालीन सांडवा. एवढं स्वच्छ ड्रॉइंग त्यांना खात्यातही क्वचितच बघायला मिळालं असेल. "पण दोन कालवे जोडून एक का नाही केला? माणसात एकच आहे ना?" मी भाषांतर केलं. बाई खूष झाल्या. हा प्रश्न त्यांना विद्यार्थीही विचारत नसावेत. त्यांनी निळ्या पेनने मूत्रपिंडांपासून दोन रेघा काढल्या. आपल्यात या मूत्रनलिका बाहेरच्या बाजूने वळसा घेऊन मूत्राशयाला जातात. यांच्यात त्या दोन मार्गांच्या मधूनच जातात. मध्ये नळ गेल्यावर दोन बाजू जुळणार कशा?

"अलाइनमेंट चुकली," अण्णा हळूच म्हणाले. त्या आवाजात मनापासूनचा जिव्हाळा होता. आयुष्यातली कितीतरी वर्षं त्यांनी दुसऱ्याने आधी टाकलेल्या पाइपलाइनच्या अलीकडे आणि पलीकडे कालवे अडवून बसण्यात घालवली होती.

पण खाली शेवटी सगळ्या वाटा एकाच तोंडाशी येतात, विष्ठेसकट, हे बाईंनी सांगितलं तेव्हा त्यांचा तोल गेला. "सांडपाणी आणि पिण्याचं पाणी एकाच चरीत? हे डिझाइन पास कुणी केलं?" बाई म्हणाल्या, म्हणूनच तर आतड्यातल्या जिवाणूंना या भागात पोचणं सोपं जातं. नवजात पिलाला स्वतःची प्रतिकारशक्ती जवळपास नसते. ते आईचं दूध, आईचं चाटणं आणि पिशवीतले स्राव यांच्या भरवशावर असतं. या स्रावांत आणि दुधात जिवाणू मारणारी द्रव्यं सापडतात. सिडनी विद्यापीठाच्या लोकांनी २०१६ साली टास्मानियन डेव्हिल या प्राण्याच्या असल्या काही द्रव्यांनी औषधांना न जुमानणारे जिवाणू प्रयोगशाळेत मारून दाखवले. पण आईच अशक्त असली, झोपायची फडकी ओली आणि घाण राहिली, आहारात कॅल्शियम कमी पडलं, की पहारा ढिला पडतो.

यात कुठेही एसीचं नाव आलं नाही. अण्णा वाट बघत होते. शेवटी त्यांनी स्वतःच विचारलं. बाई म्हणाल्या, थंड वारा लागू देऊ नका, या प्राण्यांना ऊब लागते.

"ऐकलंत?" अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. हे वाक्य मला अजून ऐकावं लागतं.

मग गोळ्यांचा विषय निघाला. बाईंनी साखर बंद करायला सांगितली. अण्णांचा चेहरा पडला. तेव्हा बाई जाता जाता म्हणाल्या, इथे एक गोष्ट सहजी चांगली मिळत नाही, ती तुम्हाला कुठे मिळाली तर बघा: बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. हे प्राणी रानात अकेशियाचा डिंक कुरतडून खातात, पिंजऱ्यात थोडा ठेवला तर त्यांचं मन रमतं. मी भाषांतर करायच्या आत माईंनी पर्स उघडली. मंडईतून घेतलेला डिंक, नातीच्या डोहाळजेवणापर्यंत पुरेल एवढा घरी होताच, पण पर्समध्येही एक पुडी होती. का होती हे कुणी विचारलं नाही. बाळंतीण म्हटल्यावर डिंक, एवढं साधं गणित माईंनी पहिल्या दिवशीच मांडलं होतं. भागाकार वगैरे न करता. घरातल्या दोन वैद्यांपैकी पदवीधर डॉक्टरची मान्यता मिळाली ती माईंना, आणि त्यांनी त्याबद्दल आजतागायत एक अवाक्षर काढलेलं नाही. फक्त अण्णा फार बोलायला लागले की त्या डिंकाचा डबा जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवतात.

बिल बघून अण्णांनी मनातल्या मनात रुपये केले आणि गाडीत बसेपर्यंत बोलले नाहीत.

लॅबचा रिपोर्ट काही दिवसांनी आला. जिवाणू निघाला ई. कोलाय. खाली तक्ता: डावीकडे अँटिबायोटिकांची नावं, उजवीकडे एस नाहीतर आर. एस म्हणजे हा जिवाणू या औषधाला दबतो, आर म्हणजे दबत नाही. अण्णांनी तो कागद हातात घेतला आणि किती वेळ खाली ठेवला नाही. तक्ता म्हटला की त्यांच्यातला इंजिनीअर उभा राहतो. कुठलं औषध चालेल हे कुणाच्या मावशीला गुण आला यावरून न ठरवता, त्याच रोग्याच्या, त्याच जिवाणूवर, सगळी औषधं लावून बघून ठरवतात, ही कल्पना त्यांना फार उशिरा आणि फार जोरात भेटली. बाईंनी सुचवलेलं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट एसच्या रांगेत होतं. डब्याच्या तळाशी रबरबँडमध्ये ज्याच्या पट्ट्या होत्या ते एक औषध आरच्या रांगेत. अण्णांनी ती ओळ परत परत वाचली, मग संध्याकाळी मला गुपचूप विचारलं, "अर्धा कोर्स सोडला की हे आर होतात, हे खरं?" होऊ शकतात म्हटलं; अर्धवट मारा खाऊन जे जिवाणू तगतात, त्यांचीच प्रजा पुढे वाढते. रात्री पट्ट्या डब्यातून गेल्या होत्या. कुठे गेल्या ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

कोर्स अण्णांनी चालवला. दिवसातून दोनदा, दशांशचिन्हानंतर आधी शून्यच येतं इतके मिलिलिटर, सुईविना सिरिंजने. हा प्राणी निशाचर. रात्री दोनला ताजातवाना असतो. अण्णाही रात्री दोनला उठतातच, वयाचा प्रश्न. त्यामुळे वेळापत्रक जमलं. बाथरूमहून येताना ते ठकीची विचारपूस करायचे, वजनकाट्यावर ठेवून ग्रॅम लिहायचे, फडकी बदलायचे. वहीत तारखा, वजन, स्राव, वास असे रकाने आखले होते. शेऱ्याच्या रकान्यात "निचरा समाधानकारक" असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. दिवसा ते ठकीला गळ्यात अडकवायच्या कापडी झोळीत घालून, झोळी स्वेटरच्या आत, छातीशी घेऊन फिरायला जायचे. शेजारच्या अमेरिकन बाईंनी एकदा "हाय" म्हणायला हात वर केला आणि अण्णांच्या छातीतून दोन डोळे बाहेर आले. तेव्हापासून त्या आम्हाला जास्त आदराने वागवतात.

बंड्याची नसबंदी करा, असं बाईंनी सांगितलं. आईला परत लगेच दिवस जायला नकोत. शस्त्रक्रिया छोटी असते. त्यानंतर टाळूवरची ग्रंथी आटते आणि टकलावर केस उगवतात.

अण्णा पुढे झुकले. "केस उगवतात?"

"हो."

"पूर्ण?"

माई म्हणाल्या, "विचारा, विचारा, तुमचंही करून घेऊ." अण्णांनी विषय बदलला. बंड्याला मात्र खरंच केस आले, आणि अण्णा काही दिवस त्याच्याशी जरा तुटकपणे वागत होते. त्यात हा नर पिलाचं सगळं करतो. रानातही करतो, पिलाला पाठीवर घेतो, ऊब देतो. पिशवीतून बाहेर आलेलं पिलू बंड्याच्या अंगाखाली झोपलेलं पाहून माई फक्त एवढंच म्हणाल्या, "चार पोरं झाली आमची. एकदाही लंगोट बदलला नाही."

पिलू वाचलं. ठकीची पिशवी कोरडी झाली, वास गेला, वजन परत आलं. पुढच्या तपासणीत बाईंनी अण्णांची वही मागून घेतली, तिच्या पानांचे फोटो काढले. अण्णांना याहून मोठं काही मिळालेलं नाही, निवृत्तीच्या शालीतही नाही.

आता वाचकाला वाटेल, सुधारले अण्णा. छे. या जातीचा माणूस सुधारत नाही, औषध बदलतो. ऑक्टोबरात मंडळाचा दिवाळी फराळ होता. पंक्तीत माझ्या समोर अण्णा बसलेले, त्यांच्या दोन्ही बाजूंना अनोळखी मंडळी, पानात श्रीखंड. कुणीतरी घसा धरलाय म्हणालं. पूर्वीचे अण्णा असते तर वेखंड निघालं असतं. या अण्णांनी श्रीखंडाचा चमचा खाली ठेवला आणि ठकीच्या पिशवीतल्या स्रावाचा रंग, दाटपणा आणि वास असा क्रमाने सांगितला, मग बोळा कसा फिरवायचा ते चमच्याने दाखवलं, मग कोआलावर आले. ऑस्ट्रेलियात कोआलांना क्लॅमिडिया पेकोरम नावाच्या जिवाणूचा संसर्ग होतो, मादी वांझ होते, मागचा भाग कायम ओला राहतो. अँटिबायोटिक द्यावं तर पोटातले निलगिरीची पानं पचवणारे जिवाणू मरतात आणि कोआला उपाशी मरतो. सनशाइन कोस्ट विद्यापीठातल्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून लस केली, तिला २०२५च्या सप्टेंबरात मंजुरी मिळाली. सगळं खरं, सगळं अचूक, आणि श्रीखंड सगळ्यांच्या पानात तसंच. शेजारच्या गृहस्थांनी क्षीण आवाजात विचारलं, "पण माझ्या घशाचं काय?" अण्णा म्हणाले, "स्वॅब. लॅब. एस-आर बघा. त्याआधी एक गोळी घेऊ नका." बोलून चमचा उचलला. मग पुन्हा वळून: "एसी बंद करा."

एकदा रात्री अंगणात ओपोसम आला. लांब नाक, उघडी शेपटी. अमेरिकेचा हा गावठी पिशवीवाला. अण्णांनी त्याचीही माहिती काढली. जुन्या अमेरिकन लोकांची समजूत अशी, की या नराचं लिंग दुभंगलेलं, आणि नाकपुड्या दोन, तेव्हा समागम मादीच्या नाकातून होत असणार. मग ती पिशवीत तोंड घालून शिंकते आणि पिलं आत पडतात. कार्ल हार्टमन नावाच्या प्राध्यापकाने इथेच, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात, शंभर वर्षांपूर्वी मादीजवळ बसून प्रसूती डोळ्यांनी पाहिली आणि हे खोडून काढलं. अण्णा पोट धरून हसले. "शिंकून पिलं! किती अडाणी लोक, बघा. न बघताच ठरवून मोकळे." मग त्यांना शिंक आली, आणि त्यांनी वर छताकडे, एसीच्या झडपेकडे, सूचक नजरेने पाहिलं.

अण्णा-माई डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला परततात. डब्याच्या तळाशी आता निर्जंतुक बोळ्यांची पाकिटं आहेत, बाईंकडून मागून घेतलेली. कोथरूड-कर्वेनगर भागातल्या वाचकांना एवढीच विनंती: खोकला असेल तर नोव्हेंबरातच बरा करून घ्या. जमलं नाही, तर त्यांच्या इमारतीत लिफ्टने जा, जिन्याने नको. आणि कुणी विचारलंच, तर तोंड उघडू नका.